हेराल्डचे पुढचे चाक आणि आपले मिस्त्री

मोटारीचा इतिहास सांगू लागले की कारखानदारांची नावे येतात, मालकांची येतात. गाडीखाली उताणे पडून तिचा झिजलेला सांधा बदलणाऱ्याचे नाव कोठेच येत नाही. म्हणून आज चाकापाशीच बसून थोडे बोलू.

१९५९ साली इंग्लंडात ट्रायम्फ हेराल्ड निघाली. १९६१ पासून ती मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने तयार होऊ लागली. तिच्या पुढच्या चाकांची जी रचना, तीच १९६२ च्या स्पिटफायर या दोन आसनी स्पोर्ट्‌स गाडीला मिळाली. सातारा-सांगलीकडे स्पिटफायर क्वचितच कोणी पाहिली असेल. पण हेराल्डमध्ये बसणारा मनुष्य नकळत तिच्याच पायांवर चालत होता.

बहुतेक जुन्या गाड्यांचे चाक किंगपिन नावाच्या उभ्या खिळीवर वळे. हेराल्डमध्ये वरती बॉल जॉइंट, आणि खाली आटे पाडलेला पोलादी दांडा काशाच्या ठोकळ्यात फिरतो. या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. गाडी अवघ्या २५ फुटांच्या घेरात वळे. आपल्या पेठांतल्या बोळांत ही केवढी सोय!

घात होतो तो वंगणात. ट्रनियनला ९० नंबरचे गिअर ऑईल हवे, ग्रीस नव्हे. पण दिसेल त्या तोंडाला ग्रीसगन लावायची, ही गॅरेजची जुनी खोड. ग्रीस आत घट्ट होते, वाट बुजते, पाणी शिरते, पोलाद गंजते. मग एखाद्या वळणावर दांडा आट्यापाशी तुटतो आणि चाक आडवे होते. महाबळेश्वरचा पाऊस आणि पसरणीचा घाट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही हे पटेल. आणि ही ग्रीसगन असते कोणाच्या हाती? गॅरेजातल्या सर्वांत कमी पगाराच्या पोऱ्याच्या. त्याला ते पुस्तक कोणी वाचून दाखवले?

परीक्षा सोपी आहे. चाक जॅकवर उचलावे, वरखाली धरून हलवावे. जोडीदाराने ब्रेक दाबूनही ढिलाई राहिली, तर दोष बेअरिंगचा नव्हे, सांध्याचा. आयातीवर निर्बंध असलेल्या त्या काळात सुटा भाग मिळणे कठीण. मग लेथ कामी येई. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, नांगर निघाले. १९३३ साली साताऱ्यात कूपरांच्या कारखान्याने डिझेल इंजिन बनविले. आपल्याकडचे टर्नर या विहिरीवरच्या इंजिनांवर आणि शेतीच्या अवजारांवरच घडले, असे माझे मत आहे. चांगला टर्नर काशाचा ठोकळा नव्याने कातू शकतो. फक्त डाव्या-उजव्या बाजूंचे आटे उलट दिशांचे असतात, हे ध्यानात हवे.

गंजलेल्या दांड्याचे मात्र तसे नाही. ‘वेल्डिंग मारून द्या हो, दोन महिने चालेल,’ अशी घासाघीस गिऱ्हाईक हटकून करते. खरा मिस्त्री त्याला नकार देतो आणि त्या दिवसाची मजुरी गमावतो. संघटनेत आम्ही पगारासाठी पुष्कळ भांडलो. या नकाराची भरपाई कोणत्याच करारात मागितली गेलेली मी पाहिली नाही.

हेराल्डी आता हौशी लोकांकडेच उरल्या आहेत. सुटे भाग परदेशातून घरपोच येतात. तेल मात्र तेच, ९० नंबरचे. आणि ते ट्रनियनच्या वरच्या कडेतून बाहेर झिरपेपर्यंत भरावे लागते.