विचेंझाचा संच आणि ओसाकाचा तिरपा चौकोन

सायकल हें वाहन इतकें परिचयाचें झालें आहे कीं, तिच्या अवयवांकडे निरखून पाहण्याची कोणास फारशी आवश्यकता वाटत नाहीं. ती चालली म्हणजे झालें, आणि अडली म्हणजे दुकान आहेच. तथापि जगांत असा एक वर्ग आहे, कीं जो सायकलीइतकेंच, किंबहुना थोडें अधिकच, प्रेम तिच्या सुट्या भागांवर करतो. इटली, फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका आणि जपान या देशांत पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या शर्यतीच्या सायकली जतन करणारे पुष्कळ शौकीन आहेत. सायकलीचा सांगाडा कोणत्या कारागिरानें जोडला हें ते पाहतातच. पण त्याबरोबर त्यांची नजर वळते ती सांगाड्यावर चढविलेल्या संचाकडे. पुढचें दंतचक्र व पेडलांच्या भुजा, सांखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारे पुढचे व मागचे डिरेलर, ते हालविणाऱ्या कळा, ब्रेक आणि चाकांचे हब, हें सारें एकाच कारखान्याच्या हातचें असलें म्हणजे त्यास संच म्हणावयाचें. इटालियन भाषेंतील ‘ग्रुप्पो’ हा शब्द या अर्थानें सर्व देशांतील शौकिनांनीं उचलला आहे.

या मंडळींत अग्रपूजेचा मान बहुधा एकाच घराण्याकडे जातो. तें घराणें म्हणजे इटलींतील विचेंझा गांवचा कांपान्योलो कारखाना, आणि त्याचे दोन संच, ‘नुओवो रेकॉर्ड’ व ‘सुपर रेकॉर्ड’. आश्चर्य असें कीं, ज्या काळांत हे संच शर्यतींत गाजत होते त्याच काळांत त्यांच्या किंमतीच्या एका लहानशा अंशांत मिळणारा एक जपानी डिरेलर सांखळी अधिक सफाईनें बदलीत असे. शौकिनांस हें ठाऊक नाहीं असें मुळींच नाहीं. ठाऊक असूनही त्यांचें प्रेम ढळत नाहीं. या विसंगतीचें मूळ शोधावयाचें तर सायकलीच्या गिअरची कथा थोडी मागून सांगावी लागेल.

गिअरची गरज काय, हें ज्यांनीं बोरघाट सायकलीवरून चढून पाहिला आहे त्यांना समजावून सांगण्याचें कारण नाहीं. मुंबई-पुणें शर्यतींत सर्वांआधीं घाट चढणाऱ्यास ‘घाटांचा राजा’ म्हणतात, तें उगीच नव्हे. सपाटीवर जें दंतचक्र पायाला हलकें वाटतें तेंच चढावावर छाती फोडतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं शर्यतीच्या सायकलीस मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस एकेक दंतचक्र बसविलेलें असे. घाटाच्या पायथ्याशीं स्वारानें उतरावें, चाक काढावें, उलटें करून पुन्हा बसवावें आणि मग चढावयास लागावें, असा प्रकार. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीचा जनक आंरी देग्रांज यास तर डिरेलरचें नांवही खपत नसे. गिअर हा अशक्तांचा व वृद्धांचा आधार, शर्यत जिंकावी ती स्नायूंच्या बळावर, असा त्याचा आग्रह; आणि १९३७ सालापर्यंत त्या शर्यतींतील स्पर्धकांना डिरेलरची मुभा नव्हती.

तुलिओ कांपान्योलो याचा जन्म विचेंझा येथें १९०१ सालीं झाला. तरुणपणीं तो हौशी शर्यतपटू होता. १९२० नंतरच्या दशकांतील एका नोव्हेंबरांत, डोलोमाइट पर्वतांतील क्रोचे दाउने नांवाच्या घाटांत, हिमवृष्टि चालू असतां तो चाक उलटें करण्यासाठीं खालीं उतरला. परंतु थंडीनें बोटें इतकीं बधिर झालीं होतीं कीं, आंसावरचे दोन कानांचे नट त्यास सैल करतां येईनात. त्याचे प्रतिस्पर्धी पुढें निघून गेले, आणि मागच्या चाकाची कांहीं तरी सोय केली पाहिजे हा विचार त्याच्या डोक्यांत पक्का बसला, अशी ही कथा आहे. अभ्यासकांनीं पुढें या कथेंतील तारखेविषयीं व हिमाविषयीं बऱ्याच शंका काढल्या आहेत. कारखान्यांच्या जन्मकथा देवतांच्या जन्मकथांप्रमाणेंच भक्तांच्या तोंडीं वाढत असतात. परंतु १९३० सालचें पेटंट हें कांहीं दंतकथा नव्हे. पोकळ आंसांतून गेलेली सळई आणि तिच्या टोकास एक लहानशी मूठ. मूठ फिरविली कीं चाक सुटलें, उलट फिरविली कीं बसलें. आजही शर्यतीच्या असंख्य सायकलींचीं चाकें या युक्तीनें बसविलेलीं आढळतात. १९३३ सालीं विचेंझा येथें कारखाना उभा राहिला.

त्याचा पहिला डिरेलर मात्र आज पाहिला तर हंसूं आल्याशिवाय राहत नाहीं. ‘कांबिओ कोर्सा’ या यंत्रांत मागच्या चाकावरील नळीस दोन दांडे असत. चालत्या सायकलीवर स्वारानें हात मागें नेऊन पहिल्या दांड्यानें चाकाचा आंस सैल करावा, पेडल उलटें फिरवावें, दुसऱ्या दांड्यानें सांखळी शेजारच्या दंतचक्रावर ढकलावी, चाक मागें-पुढें सरकून सांखळी ताणली गेली कीं पहिला दांडा पुन्हा आवळावा. म्हणजे धांवत्या सायकलीचें मागचें चाक क्षणभर सुटलेलें! असल्या यंत्रावर जीनो बार्ताली यानें १९४८ ची तूर जिंकली. दोन वर्षांनीं फाउस्तो कोप्पी यानें पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांची शर्यत एकाच दांड्याच्या सुधारलेल्या यंत्रावर जिंकली, आणि त्या यंत्रास त्या शर्यतीचेंच नांव पडलें.

खरी क्रांति झाली ती ‘ग्रान स्पोर्ट’नें. त्याचा नमुना १९४९ सालीं मिलानच्या प्रदर्शनांत मांडण्यांत आला. यांत दांडे नव्हते. तारेनें ओढला जाणारा धातूचा समांतरभुज चौकोन आडवा हाले आणि सांखळीस आपणाबरोबर नेई. चौकोनाची कल्पना त्याआधीं फ्रान्समध्यें निघाली होती. परंतु ती शर्यतीच्या मारास टिकेल अशा धातूंत ओतण्याचें श्रेय विचेंझाकडेच जातें. पुढें १९६३ सालीं ‘रेकॉर्ड’ आणि १९६७ सालीं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ‘नुओवो रेकॉर्ड’ आला. १९६९ पासून पांच वेळां तूर जिंकणाऱ्या एडी मर्क्सच्या सायकलीवर हाच संच होता. एका संचास याहून मोठा भाट कोठें मिळणार?

परंतु केवळ विजेत्यांच्या नांवांवर कोणत्याही यंत्राची कीर्ति इतकी टिकत नाहीं. ‘नुओवो रेकॉर्ड’चा विशेष असा कीं तो पुरा उकलतां येई. डिरेलरची प्रत्येक लहानमोठी खीळ, ब्रेकची स्प्रिंग, हबची वाटी, जें झिजलें तें निराळें विकत मिळे. वर्षानुवर्षें नमुना न बदलल्यामुळें दहा वर्षांपूर्वींच्या सायकलीचा भाग आजच्या सायकलीस बसे. कारागिराला सोन्याचा दागिना आणि शेतकऱ्याला नांगर ज्या भावनेनें प्रिय असतो त्या दोन्ही भावना येथें एकत्र झाल्या.

आतां दोषाकडे वळूं. मागच्या चाकावरील दंतचक्रें लहान-मोठीं असल्यामुळें तीं मिळून एक उतरता शंकु होतो. ‘नुओवो रेकॉर्ड’चा चौकोन मात्र आंसाशीं समांतर, सरळ आडवा हालतो. त्यामुळें मोठ्या दंतचक्राजवळ असलेला डिरेलर लहान दंतचक्रापाशीं पोंचतो तेव्हां दोहोंमध्यें बरेंच अंतर पडतें, मधली सांखळी ढिली लोंबते, आणि कळ ओढतांच सांखळी चढण्याऐवजीं अंमळ घुटमळते. अनुभवी स्वार कळ थोडी अधिक ओढून, सांखळी चढली कीं ती किंचित् मागें आणीत. यास कौशल्य म्हणावें कीं यंत्राच्या उणिवेची भरपाई, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

ओसाका येथील माएदा लोहकारखान्यांत नोबुओ ओझाकी नांवाचा एक अभियंता होता. सनटूर या नांवानें विकल्या जाणाऱ्या मालासाठीं त्यानें १९६४ सालीं एक साधी गोष्ट केली. समांतरभुज चौकोन त्यानें तिरपा बसविला. दंतचक्रांचा शंकु ज्या उतारानें जातो त्याच उतारानें आतां डिरेलरही जाऊं लागला. लहान दंतचक्र असो वा मोठें, अंतर जवळजवळ तेंच. कळ हालविली कीं सांखळी तत्काळ चढे. या युक्तींत कोणताही मौल्यवान् धातु नव्हता, नवा कारखाना नव्हता. होती ती केवळ भूमितीची जाण. यंत्रविद्येच्या इतिहासांत इतक्या थोड्या खर्चांत इतकें मोठें काम झाल्याचीं उदाहरणें विरळा.

अमेरिकेंत १९७० नंतर सायकलींची विलक्षण लाट आली तेव्हां साध्या गिऱ्हाइकांच्या लाखों सायकलींवर हा तिरपा चौकोन चढला. परंतु युरोपांतील मोठ्या शर्यतींत त्यास प्रवेश जवळजवळ मिळालाच नाहीं. तेथें विचेंझाची मदत-गाडी स्पर्धकांच्या मागें धांवे, यंत्रज्ञांच्या पेटींत विचेंझाचे सुटे भाग असत, आणि स्वस्त वस्तु उत्तम असूं शकते यावर कोणाचा विश्वास बसत नसे. स्वस्ताईचा कलंक माएदाच्या मालास जो लागला तो कधींच पुरता धुऊन निघाला नाहीं. पुढें त्यांनीं ‘सुपर्ब’ नांवाचा अत्यंत देखणा व महाग संच काढला तरीही नाहीं.

ओसाकाच्या शेजारींच साकाई शहर आहे. तेथील लोहार पूर्वीं सुऱ्या आणि बंदुका घडवीत. सायकल आल्यावर तेच हात तिच्या भागांकडे वळले. तेथें शोझाबुरो शिमानो यानें १९२१ सालीं काढलेल्या कारखान्याचा पहिला महत्त्वाचा माल म्हणजे फ्रीव्हील. १९७३ सालीं या कारखान्यानें ‘ड्युरा-एस’ हा शर्यतीचा संच काढला. ओझाकीच्या पेटंटाची मुदत १९८४ च्या सुमारास संपली, आणि त्याच वर्षीं शिमानोच्या नव्या ‘ड्युरा-एस’वर तिरपा चौकोन दिसूं लागला. त्याच्या जोडीस एक नवी करामत होती: कळ ‘टक्’ असा आवाज करून नेमक्या ठिकाणीं थांबे, आणि प्रत्येक टक्-बरोबर सांखळी बरोबर एकच दंतचक्र ओलांडी. अंदाज संपला, त्याबरोबर तें जुनें कौशल्यही संपलें.

यांत आणखी एक बदल झाला, तो सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पूर्वीं स्वार ब्रेक एका कारखान्याचा, सांखळी दुसऱ्याची आणि कळ तिसऱ्याची घेऊं शके. टक्-च्या गिअरला कळ, तार, तारेचें वेष्टण, दंतचक्रें व सांखळी हीं सारीं एकमेकांस जुळणारीं लागत. तेव्हां ‘संच’ ही पूर्वींची शोभा आतां सक्ति झाली. सनटूरनें आपला टक्-चा गिअर घाईनें काढला. पण तो तितका बिनचूक चालेना. १९८८ सालीं हा कारखाना दुसऱ्या मालकांच्या हातीं गेला, आणि त्यापुढच्या दशकांत जपानांतील त्याचें उत्पादन थांबलें. नांव आज तैवानांतील एका कारखान्याच्या मालावर उरलें आहे. ज्यानें सर्वांना चौकोन तिरपा करावयास शिकविलें त्याच्याच पदरीं हें फळ आलें.

विचेंझाच्या नशिबीं निराळा योग होता. टायटॅनियमच्या खिळ्यांचा ‘सुपर रेकॉर्ड’ १९७० नंतरच्या दशकांत निघाला. १९८३ सालीं कारखान्यास पन्नास वर्षें झालीं म्हणून त्याचा सोनेरी मुलाम्याचा, क्रमांक घातलेला संच पेटींत घालून विकण्यांत आला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत वृद्ध तुलिओ निवर्तला. ती पेटी आज शौकिनांच्या घरीं बहुधा बंदच असते. त्यानंतरच्या ‘डेल्टा’ ब्रेकचें कौतुक तर अधिकच चमत्कारिक. त्रिकोणी, आरशासारखा चकचकीत, साडेतीन मिलिमीटरच्या अडनिड्या किल्लीनें आवळावा लागणारा हा ब्रेक दिसावयास अप्रतिम आणि थांबविण्यांत बेताचा. तरी त्यासाठीं भरपूर पैसे मोजणारे आहेत. उलट फ्रान्सच्या दिजों गांवीं ल्यूसियँ ज्युई यानें काढलेल्या सिम्प्लेक्स कारखान्याचे प्लॅस्टिकचे डिरेलर तडकत म्हणून बदनाम झाले. पण त्याच कारखान्याच्या, पोटांत स्प्रिंग दडविलेल्या, लोण्यासारख्या मऊ चालणाऱ्या कळा जाणते लोक शोधून काढतात व कांपान्योलोच्या संचास जोडतात. येथें घराण्याचा अभिमानही क्षणभर बाजूस ठेवला जातो.

या मंडळींचें परीक्षण जवाहिऱ्याच्या परीक्षणाहून कमी नसतें. डिरेलरवर कोरलेलें पेटंटाचें वर्ष, पेडलाच्या भुजेच्या पाठीवरील लहानशी खूण, हबच्या नटावरील आंकडे यांवरून भाग कोणत्या सालचा हें ठरतें. भुजा जेथें पंचपाकळी चक्रास मिळते तेथें भिंग लावून केसाएवढी चीर शोधतात, कारण ‘नुओवो रेकॉर्ड’ची भुजा फुटते ती तेथूनच. प्रेमानें आंधळे होण्याचा आरोप या शौकिनांवर सरसकट करतां येत नाहीं.

इटलींतील तोस्काना प्रांतांत गायोले नांवाचें लहानसें गांव आहे. १९९७ सालीं तेथें ‘एरोइका’ नांवाची जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. पहिल्या वर्षीं ब्याण्णव स्वार होते. पुढें ही संख्या हजारोंवर गेली. नियम असा कीं, सायकल १९८७ पूर्वींची असावी, गिअरच्या कळा सांगाड्याच्या खालच्या तिरप्या नळीवर असाव्या, पायांना चामड्याचे पट्टे असावे. कारखाना कोणता याची अट नाहीं. पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून, द्राक्षांच्या मळ्यांमधून तांबड्या व निळ्या सायकलींची रांग चढावास लागते, तेव्हां बहुतेकांच्या मागच्या चाकाशीं विचेंझाचें नांव चकाकत असतें. त्यांत एखादाच सनटूरवाला निघतो. त्याची सांखळी पहिल्या ओढीसच मोठ्या दंतचक्रावर चढते आणि तो पुढें सरकतो. शेजारचा ‘नुओवो रेकॉर्ड’वाला खालीं वांकून कळ थोडी पुढें, थोडी मागें करीत असतो.