आजारी पित्याच्या भेटीला

सप्टेंबर १६५७. दिल्लीत शाहजहान मूत्रावरोधाने अंथरुणाला खिळला आणि त्याच्या मृत्यूच्या अफवा उठल्या. पुत्रांपैकी जवळ होता केवळ दारा. शुजा बंगालमध्ये, मुराद गुजरातेत, औरंगजेब दख्खनेत.

औरंगजेब औरंगाबादेहून निघाला तो म्हणे आजारी वडिलांना भेटायला! वाट अडवणाऱ्या जसवंतसिंहालाही त्याने हेच कळवले. सोबत तोफखाना कशाला, हे जसवंतसिंहास उमगले असणारच. १६५८ मध्ये धरमतला तो हरला, पाठोपाठ सामूगढला दारा.

तोवर शाहजहान सावरून आग्र्यास आला होता. औरंगजेबाने किल्ल्याला मिळणारे यमुनेचे पाणी तोडले. ऐन उन्हाळ्यात विहिरींचे खारट पाणी पिऊन वृद्ध बादशहाने अखेर दरवाजे उघडले. त्याने भेटीस बोलावले. मुलगा आत गेलाच नाही.

जानेवारी १६६६ मध्ये शाहजहान त्याच किल्ल्यात, कैदेत वारला. औरंगजेब आग्र्यास आला तो त्यानंतर.