चिकटणे आणि ओळखणे: मुळांवरच्या गाठींच्या संशोधनाचा इतिहास

कडधान्यांचा बेवड चांगला असतो, म्हणजे ती घेतल्यानंतर त्याच रानात पुढे पेरलेले तृणधान्य जोमाने वाढते, या शेतकऱ्यांच्या जुन्या अनुभवाला रसायनशास्त्राचा आधार 1838 साली मिळाला, तो फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो याने क्लोव्हर आणि वाटाणा यांत नत्राची भर पडते, गव्हात मात्र ती पडत नाही, असे मोजून दाखवले तेव्हा. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे 1850च्या दशकाच्या अखेरीस लॉझ, गिल्बर्ट आणि प्यू यांनी माती तापवून व रोपे काचेखाली बंद करून अधिक काटेकोर प्रयोग केले आणि नत्राची भर पडतच नाही असा निष्कर्ष काढला. माती तापवताना तिच्यातील जिवाणू मेले होते, म्हणजे घेतलेली काळजीच उत्तर चुकण्यास कारणीभूत ठरली. हा पेच हेलरिगेल या जर्मन संशोधकाने 1886 साली बर्लिनमध्ये सोडवून दाखवला: हवेतील नत्र वनस्पतीला मिळतो तो मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्मजीवांमुळे. दोनच वर्षांनी डेल्फ्ट येथे बायरिंक याने हे जिवाणू गाठींतून वेगळे करून वाढवले. पुढे त्यांना रायझोबियम हे नाव मिळाले.

प्रत्येक जिवाणू प्रत्येक पिकावर गाठी आणू शकत नाही, ही गोष्ट लवकरच ध्यानात आली. जर्मनीत नोब्बे आणि हिल्टनर यांनी 1890च्या दशकात बाजारात आणलेले ‘नायट्रॅजिन’ हे संवर्धन निरनिराळ्या पिकांसाठी वेगवेगळे असे, आणि महाराष्ट्रात आजही पेरणीपूर्वी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळले जाणारे रायझोबियम हरभऱ्यासाठी एक आणि सोयाबीनसाठी दुसरे असते. ही निवड नेमकी कशी होते, या प्रश्नाला मात्र दीर्घकाळ उत्तर नव्हते.

1970च्या दशकात पुढे आलेले उत्तर आकर्षक होते. लेक्टिन ही विशिष्ट शर्करांना पकडणारी प्रथिने असून ती द्विदल बियांत विपुल आढळतात. 1974 साली बोहलूल आणि श्मिट यांनी सोयाबीनचे लेक्टिन सोयाबीनवर गाठी आणणाऱ्या बहुतेक जिवाणूंनाच चिकटते, इतरांना नाही, असे दाखवले आणि जिवाणू ज्या मुळाला चिकटतो तोच त्याचा यजमान, असे समीकरण मांडले जाऊ लागले. ते फार काळ निर्वेध टिकले नाही, कारण ज्यांच्या बियांत हे लेक्टिन सापडत नाही अशा सोयाबीनच्या काही वाणांवरही गाठी येतच होत्या. शिवाय चिकटण्याची क्रिया तपासली असता ती दोन टप्प्यांची निघाली: आधी कॅल्शियमवर अवलंबून असणारी सैल पकड, मग जिवाणूने विणलेल्या सेल्युलोज तंतूंची घट्ट पकड, आणि या दोन्ही बाबतींत जिवाणू यजमानाविषयी फारसे चोखंदळ नसतात. तरीही लेक्टिनची कल्पना टाकाऊ ठरली असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण 1989 साली नेदरलँड्समध्ये वाटाण्याच्या लेक्टिनचे जनुक पांढऱ्या क्लोव्हरच्या मुळांत घातल्यावर वाटाण्याचे जिवाणू तेथेही गाठी आणू लागले. लेक्टिनची भूमिका साहाय्यकाची असावी, हे मत पुढे रूढ झाले.

प्रश्नाचा रोख बदलला तो फ्रान्समधील तुलूझ येथे. लेरूज, देनारिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लसूणघासावर गाठी आणणाऱ्या जिवाणूचा रासायनिक संकेत 1990 साली वेगळा केला. नॉड घटक या नावाने ओळखला जाणारा हा रेणू म्हणजे नत्रयुक्त शर्करेच्या चार-पाच घटकांची आखूड साखळी, तिच्या एका टोकाला मेदाम्ल आणि, या जिवाणूच्या बाबतीत, दुसऱ्या टोकाला सल्फेट. ते सल्फेट काढले की लसूणघास त्याला दाद देईनासा होतो. वर्षभरातच शुद्ध स्वरूपातील हा रेणू एकटाच, एकही जिवाणू न चिकटता, लसूणघासाच्या मुळांवर गाठी उत्पन्न करतो असे दिसून आले. चिकटणे आणि ओळखले जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असते.

संकेत सापडला तर तो घेणारा ग्राही, म्हणजे पेशीच्या पटलात बसलेले व बाहेरचा रेणू पकडून आत वर्दी देणारे प्रथिन, यजमानाकडे असलेच पाहिजे. डेन्मार्कमधील ऑर्हस येथे येन्स स्टौगार्ड यांच्या गटाने लोटस जॅपोनिकस या लहानशा द्विदल वनस्पतीच्या गाठी न येणाऱ्या उत्परिवर्तित रोपांवरून अशी दोन प्रथिने, एनएफआर1 आणि एनएफआर5, 2003 साली शोधली. दोन्हींच्या पेशीबाहेरील भागात लाइसएम नावाच्या तीन घड्या असतात, तर आतील भाग कायनेझ प्रकारचा, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकरासारखा असतो. एनएफआर5चा हा भाग मात्र स्वतः निष्क्रिय आहे, त्यामुळे दोघांना एकत्रच काम करावे लागते. त्यांची जनुके 2007 साली दुसऱ्या द्विदल वनस्पतीत घातली असता ती लोटसच्या जिवाणूंना ओळखू लागली.

या ग्राहींचे नाते मात्र अनपेक्षित ठिकाणी लागते. बुरशीच्या भित्तिकेतील कायटिन हे नॉड घटकाच्याच शर्करेचे बनलेले असते आणि बुरशीचा हल्ला ओळखून प्रतिकार सुरू करणारा वनस्पतीचा ग्राहीही लाइसएम कुळातलाच आहे. मित्र आणि शत्रू यांना वाचणारी यंत्रणा मुळात एक असावी, ही शंका 2020 साली प्रत्यक्ष प्रयोगाने बळावली: ऑर्हसच्याच संशोधकांनी कायटिनच्या ग्राहीतील पहिल्या लाइसएम घडीचे काही मोजके तुकडे काढून तेथे एनएफआर1चे तुकडे बसवले, आणि प्रतिकारासाठी घडलेले ते प्रथिन मुळांवर गाठी आणण्याचे काम करू लागले.