बदलीचे गाव बोगोटा

बदली म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? पत्र्याच्या ट्रंका, सुतळीनं आवळलेल्या गाद्या, पोरांचे शाळेचे दाखले आणि "तिकडे पाण्याचं कसं काय हो?" हा प्रश्न. हुकूम निघायच्या आधी महिनाभर कचेरीत कुजबूज चालू असते. शिपायाला सगळं ठाऊक असतं, साहेबाला अर्धं ठाऊक असतं, आणि ज्याची बदली व्हायची त्याला सर्वांत शेवटी कळतं.

फुटबॉलमध्येही बदल्या होतात. फरक एवढाच, की तिथं माणूस हलला की जुन्या क्लबाला नवा क्लब पैसे मोजतो. माझ्या नोकरीत चार बदल्या झाल्या. एकाही वेळी नव्या कचेरीनं माझ्यापायी जुन्या कचेरीला दमडी दिल्याचं ऐकिवात नाही. उलट जुन्या कचेरीनंच पेढे वाटले.

आमचा पुतण्या सकाळी चहाबरोबर असल्या अफवा चघळतो. "काका, अमक्याला आठवड्याला तीन लाख पौंड देणारेत!" मी विचारतो, "महागाई भत्ता धरून की वगळून?" तो माझ्याकडे कीव केल्यासारखा पाहतो. पण एके काळी या फुटबॉलवाल्यांनाही तुमच्या-माझ्यासारखी वेतनश्रेणी होती, हे त्याला कुठं ठाऊक!

इंग्लंडात १९०१ साली नियम झाला, की कुणाही खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांहून जास्त पगार द्यायचा नाही. का, तर श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू पळवतील आणि लहान गावच्या क्लबांना कुलूप लागेल. युक्तिवाद ऐकायला गोड आहे. लहान क्लबांचा कळवळा आणि त्याची किंमत मात्र खेळाडूच्या खिशातून! दुसऱ्याच्या पगारातून केलेलं समाजकार्य नेहमीच टिकाऊ असतं. हे साठ वर्षं टिकलं. मर्यादा सरकत सरकत १९४७ मध्ये १२ पौंडांवर आली. तीही हंगामात, उन्हाळ्यात १०. म्हणजे साऱ्या वर्षाचे सहाशेच्या आसपास. समोर पन्नास हजार माणसं तिकीट काढून ओरडताहेत आणि मैदानावरचा माणूस मनात घरभाड्याचा हिशेब करतोय!

बरं, "नको तुमची नोकरी" म्हणावं, तर तेही नाही. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाच्याच हाती. क्लबानं सोडलं नाही, तर पगार बंद आणि दुसरीकडे खेळणंही बंद. आमच्याकडे निदान राजीनामा तरी मंजूर होतो. किंबहुना जरा जास्तच तत्परतेनं होतो.

अशात बोगोटा उगवलं. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाची ही राजधानी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंच. तिथं १९४८ मध्ये धंदेवाईक लीग सुरू झाली, तिचं देशाच्या फुटबॉल संघटनेशी भांडण झालं आणि ती जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या, बाहेर पडली. वाळीत टाकलेल्याला एक सुख असतं: जातीचे नियम पाळावे लागत नाहीत. या लीगनं जगभरातून खेळाडू उचलले आणि त्यांच्या जुन्या क्लबांना कवडीसुद्धा दिली नाही. जे वाचले, ते पगारात ओतले. त्याच सुमाराला अर्जेंटिनात खेळाडूंचा पगारासाठी संप चालला होता. तिथले रथी-महारथी भराभर विमानात बसले. त्यांत आल्फ्रेदो दि स्तेफानोही होता. तो ज्या क्लबात गेला, त्याचं नाव 'मिलोनारिओस', म्हणजे लक्षाधीश! नावातच पगारपत्रक.

१९५० च्या मे महिन्यात ही हवा इंग्लंडात पोचली. स्टोक सिटीचा नील फ्रँकलिन हा इंग्लंडच्या बचावफळीचा आधारस्तंभ. लागोपाठ २७ सामने देशासाठी खेळलेला. महिन्याभरावर ब्राझीलमधला विश्वचषक. यानं कळवलं, की बायको बाळंत व्हायची आहे, मला संघात धरू नका. (रजेच्या अर्जाचं हे कारण जगात सर्वत्र चालतं.) आणि संघातला सोबती जॉर्ज माउंटफर्ड याच्याबरोबर गडी थेट बोगोटाला, सांता फे क्लबात! मागोमाग मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटन अमेरिकेच्या दौऱ्यावरून परस्पर तिकडे गेला. वर्तमानपत्रांनी त्यांना 'बोगोटाचे दरोडेखोर' ठरवलं. बारा पौंडांत राबवणाऱ्यांना काय म्हणावं, याबद्दल मात्र वर्तमानपत्रं विवेकानं गप्प राहिली.

त्या विश्वचषकात इंग्लंड अमेरिकेकडून ०-१ हरलं. फ्रँकलिन असता तर हरलं नसतं, असं म्हणणारे तेव्हापासून आहेत.

फ्रँकलिनचं बोगोटात काही जमलं नाही. शहर १९४८ च्या दंगलीतून पुरतं सावरलं नव्हतं, संध्याकाळी संचारबंदी, हवा विरळ. काही महिन्यांतच तो परतला. इकडे निलंबनाचं ताट वाढून ठेवलेलंच होतं. पुढं त्याला दुसऱ्या श्रेणीतल्या हल सिटीनं घेतलं. इंग्लंडकडून तो पुन्हा कधीही खेळला नाही. वय अवघं अठ्ठावीस. माझं सगळं हसू इथं थांबतं. चार पैसे जास्त मिळतात म्हणून परगावी गेलेल्या माणसाला ही शिक्षा फार झाली. मिटन वर्षभर टिकला. त्याला परतल्यावर अडीचशे पौंड दंड आणि सहा महिने बंदी.

घरी राहिलेले क्लब तरी धुतल्या तांदळासारखे होते का? १९५७ मध्ये संडरलंड क्लब पकडला गेला. मैदानावर पसरायचा पेंढा आणि रस्त्याचं डांबर यांची फुगवलेली बिलं दाखवून खेळाडूंना वरचे पैसे पोचवत होते. हे वाचून मला परदेशात कुणी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं.

अखेर खेळाडूंच्या संघटनेनं संपाची नोटीस दिली, आणि जानेवारी १९६१ मध्ये २० पौंडांवर पोचलेली मर्यादा गेली. फुलहॅम क्लबाचा अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हा पेशानं विनोदी नट. नियम आड येतो, नाहीतर आमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड देईन, असं तो चारचौघांत सांगत असे. नियम गेला आणि शंभर द्यावे लागले. विनोदी माणसाचं बोलणं कुणीतरी गंभीरपणे घेतल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

नोंदणीची बेडी तुटायला मात्र आणखी दोन वर्षं लागली. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमला १९६० मध्ये क्लब सोडायचा होता, क्लब सोडीना. त्यानं खेळणं थांबवून बुचाचा माल विकायची नोकरी धरली. शेवटी आर्सेनलनं त्याच्यासाठी ४७,५०० पौंड मोजले, तरी पठ्ठ्या कोर्टात गेला आणि १९६३ मध्ये जिंकला. त्या सगळ्या रणधुमाळीत न्यूकॅसलचा मॅनेजर कोण होता म्हणता? चार्ली मिटन.

पुतण्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग बोगोटात त्याला नक्की किती मिळत होते?"