लग्नाचं कर्ज आणि लग्नगडी

महिनाअखेरीला पैसे का उरत नाहीत, ही चर्चा बोईसरच्या चाळीत होवो की पालघरच्या नव्या सोसायटीत, चहा-वडापाव आणि मोबाईल रिचार्जवर येऊन थांबते. आपल्या जिल्ह्याचा इतिहास मात्र बोट दुसरीकडेच दाखवतो.

डहाणू, तलासरी, उंबरगाव हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. इथे 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. वारली तरुण लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचा आणि फेडीपोटी त्याच्याकडे राबायचा. बायकोही राबायची. हिशोबाची वही मालकाच्या हातात, त्यामुळे कर्ज फिटायचंच नाही. एका लग्नापायी अख्खा जन्म गहाण!

२३ मे १९४५ रोजी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने झरी गावात किसान सभेची परिषद भरली. हजारो वारली जमले. यापुढे वेठ नाही, लग्नगडी नाही, असा निर्धार झाला. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदावरीताईंनी हा लढा लिहून ठेवलाय.

त्या वारल्यांना उधळे म्हणू नका. गरिबाकडे उधळायला होतं काय? लूट हिशोबात होती.

आज आपल्याला कोणी बांधून ठेवत नाही. मंडप, डीजे, हळदीच्या जेवणावळीसाठी कर्जाच्या कागदावर आपणच सही करतो आणि पुढची काही वर्षं हप्ते भरतो. खर्च कापायचाय? मग आधी पगारातला किती भाग हप्त्यात जातो ते लिहून काढा. व्याजाच्या पैशातला थाटमाट पहिला बंद करा. चहाचं नंतर बघू. वही आता आपल्याच हातात आहे.