चिखलातले सेवेकरी

इटलीतील फ्लॉरेन्स हे नगर आर्नो नदीच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. दिनांक ४ नोव्हेंबर १९६६ रोजी, ऐन राष्ट्रीय सुटीच्या दिवशी, लोक साखरझोपेत असतानाच या नदीचे पाणी शहरात शिरले. सांता क्रोचे या पुरातन चर्चच्या परिसरात काही ठिकाणी ते १५ फुटांच्याही वर चढले. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना पाणी ओसरल्यावर मागे काय उरते हे सांगावयास नको. फ्लॉरेन्समध्ये त्या गाळात आणखी एका गोष्टीची भर पडली होती. हिवाळ्यासाठी तळघरांत साठवलेले जळाऊ तेल पाण्यात मिसळले आणि भिंती, चित्रे, ग्रंथ, सर्वांवर काळा चिकट थर बसला.

नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची तळघरे बुडाली. लाखो ग्रंथ व नियतकालिके भिजली. सरकारी यंत्रणा हलण्यास वेळ लागला. तरुण मुलेमुली मात्र आधीच येऊन दाखल झाली. कोणी कोणास बोलावले नव्हते! इटलीच्या गावोगावचे विद्यार्थी आले, तसेच परदेशांतूनही आले. रेल्वेने स्थानकात डबे उभे करून दिले, त्यांतच त्यांचा रात्रीचा मुक्काम. सकाळ झाली की पुन्हा तळघर. जिन्यावर एकामागे एक उभे राहून चिखलाने जड झालेली पुस्तके या हातातून त्या हातात वर पोहोचवावयाची. कुजलेल्या चामड्याची दुर्गंधी असह्य होई, म्हणून कित्येक जण तोंडावर मुखवटा लावून काम करीत. केस वाढविलेल्या ज्या पोरांकडे वडीलधारी मंडळी नाक मुरडीत, त्यांनाच पुढे सारे 'चिखलातले देवदूत' म्हणू लागले.

सगळेच काम अचूक झाले असे मात्र नव्हे. पाणी शोषून घ्यावे म्हणून पानांत भुसा पसरला गेला. तो चिकटून बसला आणि काढताना नवाच त्रास झाला. तंबाखू वाळविण्याच्या भट्ट्यांत ग्रंथ सुकविले, पण घाईने सुकविल्याने काहींच्या बांधण्या वाकल्या, पाने एकमेकांस चिकटली. पुढे इंग्लंडचे ग्रंथबांधणीतज्ज्ञ पीटर वॉटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धत घालून दिली. प्रत्येक ग्रंथाची हानी त्याच्या नोंदपत्रावर लिहावयाची, मगच त्यास हात लावावयाचा. भक्ती होती, पण जाणकाराची देखरेख उशिरा मिळाली, एवढेच.

सांता क्रोचे येथील चिमाबुए या १३ व्या शतकातील चित्रकाराच्या भव्य क्रूसावरील रंगाचा निम्म्याहून अधिक भाग निघून गेला. गळून पडलेल्या रंगाच्या कपच्या पाण्यातून व गाळातून वेचण्यात आल्या. ओले लाकूड एकदम वाळले तर तडकते. यासाठी भिजलेले चित्रफलक लिंबाची झाडे ठेवण्याच्या जुन्या इमारतीत नेऊन तेथील दमटपणा हळूहळू उतरविण्यात आला. १९७६ साली क्रूस पुन्हा लोकांसमोर आला, पण ज्या जागी रंग नाहीसा झाला तेथे नवे चित्र रंगविण्याचा मोह आवरला गेला. आज तेथे बारीक रेषांचा तटस्थ भराव दिसतो.

वासारी या चित्रकाराचे पाच फळ्यांवरील 'अखेरचे भोजन' हे चित्र मात्र कित्येक वर्षे तसेच पडून होते. ते दुरुस्त होऊन ४ नोव्हेंबर २०१६ रोजी, पुरास बरोबर ५० वर्षे झाली त्या दिवशी, सांता क्रोचेत परत लागले. त्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये जुने सेवेकरीही पुन्हा एकत्र जमले होते. आता त्यांचे केस पांढरे झाले होते.