नाकाला दहा गुण

श्वानप्रदर्शन पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, रिंगणातल्या कुत्र्यांची आपसांत तुलना होते आणि त्यांतला सर्वांत देखणा निवडला जातो. नियम तसा नाही. परीक्षकाने प्रत्येक कुत्रा त्याच्या जातीच्या लिखित मानकाशी ताडून पाहायचा असतो. तो तोंड उघडून दात बघतो, खांदा आणि बरगड्या हाताने चाचपतो, नराचे वृषण खाली उतरले आहेत की नाही ते तपासतो, मग कुत्र्याला सरळ रेषेत आणि त्रिकोणात पळवून पुढून, मागून, बाजूने त्याची चाल न्याहाळतो. म्हणून तर शेवटच्या फेरीत ग्रेट डेन आणि चिवावा शेजारी उभे राहू शकतात. दोघांची परीक्षा आपापल्या कागदावर होत असते. जातीचे गुण पिढ्यान् पिढ्या टिकावेत यासाठी हा कागद आहे, असे केनेल क्लबांची मंडळी सांगतात. ते खोटे नाही, पण कागदाची जन्मकथा निराळी आहे. तो आधी माणसांवर वचक ठेवण्यासाठी लिहिला गेला. कुत्रा कसा असावा यापेक्षा निकाल लोकांना कसा पटावा, ही त्या वेळची खरी अडचण होती, आणि पुढच्या दीडशे वर्षांत कुत्र्यांच्या शरीरांचे जे झाले त्याचे मूळ बरेचसे या अडचणीत सापडते.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे जून १८५९ मध्ये भरलेले प्रदर्शन आधुनिक श्वानप्रदर्शनांतले पहिले मानले जाते. मुळात ते कोंबड्यांचे प्रदर्शन. कुत्री त्याला जोड म्हणून आली. पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जाती, साठ कुत्री, आणि बक्षिसाला बंदुका. दोन्ही गटांतली पहिली बक्षिसे परीक्षक मंडळातल्याच माणसांच्या कुत्र्यांनी नेली. यात लबाडी होतीच असे म्हणवत नाही. उत्तम कुत्री पाळणारे आणि कुत्र्याची पारख असणारे लोक मूठभर होते, आणि ते तेच होते. ओळखीपाळखीच्या शिकाऱ्यांत असा निकाल खपून जातो. पण लगेच बर्मिंगहॅमला, मग १८६३ मध्ये लंडनला मोठी प्रदर्शने भरली, रेल्वेने लांबलांबून कुत्री येऊ लागली, आणि हरलेल्याला जिंकलेल्याचा चेहराही ठाऊक नसण्याचे दिवस आले. तेव्हा परीक्षकाच्या नजरेवर भिस्त ठेवायला कोणी तयार होईना. शिवाय एकाच नावाची डझनभर कुत्री. गेल्या वर्षी जिंकलेला हाच की दुसरा, तेही सांगता येईना. १८७३ मध्ये सेवालिस शर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केनेल क्लब स्थापला. पुढच्या वर्षी निघालेल्या पहिल्या वंशावळ-ग्रंथात १८५९ पासून प्रदर्शनांत उतरलेल्या ४,०२७ कुत्र्यांची नोंद होती, आणि १८८० पासून नावनोंदणीची पद्धत सुरू झाली. ही सगळी हिशेबनिसाची कामे आहेत. ब्रिटनमध्ये चॅम्पियन ठरण्यासाठी तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन प्रमाणपत्रे मिळवावी लागतात, तो नियमही याच वळणाचा: एकट्या माणसाच्या डोळ्यावर विसंबायचे नाही.

या हिशेबाला तक्त्याचे रूप दिले जॉन हेन्री वॉल्श याने. पेशाने शल्यचिकित्सक, ‘स्टोनहेंज’ या टोपणनावाने लिहिणारा, १८५७ पासून ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचा संपादक, आणि स्वतः न्यूकॅसलच्या परीक्षकांपैकी एक. कुत्र्याच्या शरीराचे भाग पाडायचे, प्रत्येकाला ठरावीक गुण द्यायचे आणि बेरीज शंभर करायची, ही त्याची युक्ती. ब्रिटिश बेटांतल्या कुत्र्यांवरचे त्याचे पुस्तक १८६७ मध्ये आले. त्याच्या तक्त्यात पॉइंटरच्या खांद्यांना आणि छातीला मिळून १५ गुण आहेत, मागच्या भागाला १५, रंगाला ५ आणि नाकाला १०. परीक्षकाला आता ‘मला आवडला’ एवढे म्हणून सुटता येणार नव्हते. गुण कुठे कापले ते दाखवावे लागणार होते. न्यायाच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होती, आणि वॉल्शची थट्टा करणाऱ्यांनी ती विसरू नये.

पण ते नाकाचे दहा गुण नीट पाहावेत. ते नाकाच्या लांबी-रुंदीला आणि मोकळ्या नाकपुड्यांना आहेत. १८६५ मध्ये बेडफर्डशरमधल्या साउथहिल येथे पॉइंटर-सेटरांची पहिली मैदानी चाचणी झाली. तिथे प्रत्यक्ष पक्षी हुडकायचे होते, आणि तिथल्या शंभर गुणांपैकी ४० नाकाला होते, ३० वेगाला आणि शोधाच्या आवाक्याला. एकाच दशकात, एकाच जातीच्या, एकाच अवयवाची ही दोन मोजमापे. मैदानावर नाक म्हणजे वास घेण्याची ताकद, आणि रिंगणात नाक म्हणजे नाकाचा आकार. सभागृहात तितर नसतात, वारा नसतो. ज्याची शहानिशा चार लोकांसमोर करता येते तेच तिथे मोजले जाणार. निकाल पटवून द्यायचा तर गुण दिसले पाहिजेत, आणि जे दिसत नाही ते तक्त्यातून आपोआप गळते. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. तरीही पुढची दिशा इथेच ठरली.

यावर जाणकार म्हणतील, बाह्य ठेवण आणि काम यांचा संबंध असतोच. तिरका, मागे झुकलेला खांदा ढांग लांबवतो, खोल छातीत फुप्फुसांना जागा मिळते. वॉल्शने खांद्याला १५ गुण दिले ते शिकाऱ्यांच्या अनुभवावरून. हे मान्यच केले पाहिजे. मात्र बाहेरून आतल्याचा अंदाज बांधायचा, तर तो अंदाज अधूनमधून पडताळून पाहावा लागतो. जिंकलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी रानात जात होता तोवर ही पडताळणी होत होती. पुढे शिकारी जातींत प्रदर्शनाचे वंश आणि कामाचे वंश वेगळे पडत गेले, इतके की एकाच जातीचे दोन कुत्रे निराळ्या जातींचे वाटावेत. ब्रिटनमध्ये आजही शिकारी गटातल्या कुत्र्याला नुसत्या रिंगणातल्या विजयावर ‘शो चॅम्पियन’ म्हणतात. पूर्ण ‘चॅम्पियन’ होण्यासाठी कामाची पात्रता लागते. रिंगणाला सगळे कळत नाही, याची ही खुद्द केनेल क्लबने दिलेली कबुली समजायला हरकत नाही.

ज्या जातीचे कामच संपले तिची कथा जास्त बोलकी आहे. बैलांवर कुत्री सोडण्याचा खेळ ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने बंद झाला. बुलडॉगचे पहिले लिखित मानक १८६५ च्या सुमारास ‘फिलो-कुऑन’ या टोपणनावाने निघाले, आणि बुलडॉगच्या नावाने टिकलेला क्लब १८७५ चा. म्हणजे कागद लिहिला जाईतो कुत्रा एक पिढी बेकार होता. नाक मागे दबलेले का असावे? तर बैलाला चावा धरून ठेवताना श्वास घेता यावा म्हणून. हे कारण ऐकायला पटते, पण पडताळायला बैलही नव्हता आणि खेळही नव्हता. कामाची मर्यादा उठल्यावर नाक किती मागे जावे याला अडसर उरला नाही. १८९० च्या दशकात डॉकलीफ आणि किंग ऑरी या दोन नावाजलेल्या बुलडॉगांची चालण्याची पैज लागली. अंगाने हलका किंग ऑरी शेवटपर्यंत चालला, बुटक्या, जाडजूड डॉकलीफला अंतर पुरे करता आले नाही. तरी पुढच्या काळात बुलडॉगचा साचा गेला तो डॉकलीफच्याच दिशेने.

इथे खरा आक्षेप येतो. गुणांचे तक्ते केव्हाच मागे पडले, आजची मानके बहुतेक शब्दांत असतात आणि परीक्षक सबंध कुत्रा बघतो. मग अतिरेकाचा दोष पैदासकारांना आणि गिऱ्हाइकांना द्यावा, कागदाला का? पैदासकारांचा दोष आहेच. पण कागद ‘आखूड’ म्हणतो, ‘रुंद’ म्हणतो. किती आखूड आणि कुठे थांबायचे, हे तो क्वचितच सांगतो. आणि मानकाशी ताडायचे हा नियम कितीही खरा असला, तरी शेवटी मानकात बसणारे चार कुत्रे समोर उभे राहतात आणि पहिला नंबर एकालाच द्यायचा असतो. ती कोंडी जास्त आखूड, जास्त रुंद असलेल्याच्या बाजूने फुटते. न्यूकॅसलच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डार्विनच्या ग्रंथात कबुतरांच्या शौकिनांविषयी हेच निरीक्षण आहे: त्यांना मधले काही आवडत नाही, टोकाचेच आवडते. डार्विनला त्यातून वाण वेगळे कसे पडतात हे समजावून द्यायचे होते. प्रदर्शनवाल्यांनी त्यातला इशारा घेतला नाही.

कागद सुधारूही शकतो, हे मात्र नोंदवले पाहिजे. कान कापलेल्या कुत्र्यांना केनेल क्लबने १८९० च्या दशकातच प्रदर्शनाची दारे बंद केली, आणि ब्रिटनमधल्या प्रदर्शनांतून ती चाल गेली. २००८ मध्ये बीबीसीने वंशशुद्ध कुत्र्यांच्या व्याधींवरचा माहितीपट दाखवला, मग केनेल क्लबच्या क्रफ्ट्स या वार्षिक प्रदर्शनाचे प्रक्षेपणही थांबवले, तेव्हा अनेक मानकांची भाषा बदलण्यात आली. २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये पंधरा जातींच्या विजेत्यांना पशुवैद्याच्या तपासणीतून जाणे भाग पडले, आणि बुलडॉग, पेकिनीज, बॅसेट हाउंड यांच्यासह सहा जातींचे विजेते नापास झाले. प्रदर्शनवाल्यांत संताप उसळला. तज्ज्ञ परीक्षकाने दिलेले बक्षीस परका डॉक्टर कसा काढून घेतो, असा त्यांचा सवाल होता. खरे तर साउथहिलला पक्ष्यांनी जे केले तेच इथे पशुवैद्याने केले: रिंगणाबाहेरून पडताळणी.

आपल्याकडे हा प्रश्न कारवानी कुत्र्याच्या रूपाने दारात उभा आहे. उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या गावांत पिढ्यान् पिढ्या पाळलेला हा लांब पायांचा, बारीक कमरेचा कुत्रा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला नाव मिळवून दिले, २००५ मध्ये तो टपाल तिकिटावर आला, केनेल क्लब ऑफ इंडियाने त्याची नोंद सुरू केली. गावात त्याला मानक नव्हते. सशामागे कोण टिकतो, यावर पिल्लांची मागणी ठरायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढच्या दुरुस्त्यांनी ती परीक्षा बेकायदा झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण १८३५ नंतर बुलडॉग जिथे होता तिथे कारवानी आज आहे: जुने काम गेले, कागद आला, रिंगण तेवढे उरले. पोट किती आत, डोके किती निमुळते, याच्या चर्चा सुरू झाल्याच आहेत. परदेशांत ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांना दोरीने ओढल्या जाणाऱ्या खोट्या सशामागे पळवून तपासतात. तशी धाव इथे सुरू झाली आणि तिचा निकाल रिंगणातल्या किताबाला जोडला, तर खोल छातीला दिलेले गुण खरे की खोटे, ते दरवर्षी माळावर तपासता येईल.